खिळ्यांवर छापलेली लग्नपत्रिका : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी : आकार आणि आखणी

काम असं आहे: २०० लग्नपत्रिका, एका बाजूने छपाई, दोन रंग. कापून झाल्यावरचा आकार १२७ × १७८ मिमी, उभी. वरच्या बाजूला वेलबुट्टीची पट्टी फिक्या गेरू रंगात, खाली मजकूर गडद निळसर काळ्या शाईत. मजकूर देवनागरी, शिशाच्या खिळ्यांत (एकेका अक्षराचे सुटे ठसे) हाताने जुळवायचा. वेलबुट्टी फोटोपॉलिमर प्लेटवर (प्रकाशाने कडक होणाऱ्या प्लॅस्टिकचा उठावदार ठसा). मशीन पायाने चालणारं ट्रेडल, चेसचा (खिळे आवळून बसवायच्या लोखंडी चौकटीचा) आकार १० × १५ इंच.

ठसा खोल हवा, बोटाला लागायला हवा, अशी मागणी आहे. ती पूर्ण करायची, पण वेलबुट्टीत. पॉलिमर प्लेट दाब सोसते आणि खराब झाली तर दुसरी करता येते. खिळा म्हणजे शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा मिश्रधातू. जाड कागदात तो जोरात रुतवला की मात्रांची टोकं आणि रेषांच्या कडा गोल होतात, आणि एकदा गेलेली कड परत येत नाही. त्यामुळे मजकुराचा ठसा पुढून जाणवेल, पण पाठीमागे दिसणार नाही, एवढाच ठेवायचा. चांगली लेटरप्रेस (उठावदार ठशांनी केलेली) छपाई खोलीवर नाही, सगळीकडे सारख्या बसलेल्या दाबावर ओळखली जाते. या कामातला बहुतेक वेळ त्यासाठीच जाणार आहे.

आखणी पॉइंटांत केली. १२ पॉइंट म्हणजे १ पायका, १ पॉइंट म्हणजे ०.३५ मिमी. ओळीची लांबी २४ पायका (२८८ पॉइंट, सुमारे १०१ मिमी), म्हणजे दोन्ही बाजूंना जवळपास १३ मिमी समास. नावांच्या दोन ओळी ३६ पॉइंटात, बाकी आठ ओळी १६ पॉइंटात. वरच्या दोन ओळी, मग २४ पॉइंट मोकळी जागा, मग नाव, "आणि", नाव (प्रत्येक मध्ये ६ पॉइंटाचा स्लग, म्हणजे न छापणारी धातूची पट्टी), परत २४ पॉइंट, मग तारीख, वेळ, ठिकाण वगैरे पाच ओळी. १६ पॉइंटाच्या लागोपाठच्या ओळींमधे ४ पॉइंट लेड (तशीच पातळ पट्टी). मजकुराची एकूण उंची २८० पॉइंट, म्हणजे ९८ मिमी. वरचा समास १५ मिमी, वेलबुट्टी २५ मिमी, मधे २४ पॉइंट. खाली सुमारे ३१ मिमी उरतात. खालचा समास वरच्यापेक्षा मोठा असला की मजकूर घसरल्यासारखा दिसत नाही.

७ जानेवारी : कागद

सुती कागद, ३०० ग्रॅम वजनाचा, मायक्रोमीटरवर जाडी ०.५३ मिमी. लाकडाच्या लगद्याचा गुळगुळीत, कडक कार्ड इथे उपयोगाचा नाही. त्यात ठसा रुतत नाही, दाब वाढवला की पृष्ठभाग चिरतो आणि सगळा मार खिळ्यांवर येतो. सुती कागद मऊ आणि फुगीर असल्यामुळे कमी दाबात ठसा घेतो.

मोठा कागद ५६० × ७६० मिमी. छपाईसाठी तुकडे १३८ × १८८ मिमीचे, म्हणजे एका कागदातून १६ आणि चारही कडा साफ करायला ८ मिमी शिल्लक. १७ कागदांतून २७२ तुकडे निघाले. दोन रंगांच्या कामात ७२ जास्तीचे तुकडे म्हणजे उधळपट्टी वाटते, पण दुसऱ्या रंगाच्या वेळी बिघडलेला तुकडा पहिल्या रंगाची मेहनतही घेऊन जातो आणि मागाहून पाच-दहा छापायचे म्हटलं तर सगळं परत मांडावं लागतं.

प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे डाव्या खालच्या कोपऱ्यावर पेन्सिलची बारीक खूण केली. दोन्ही रंगांना कागद याच दोन कडांवर टेकवायचा आणि शेवटची कापणीही याच कडांवरून करायची. कापताना तुकड्यांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी मग रंग सरकत नाही. तुकडे दोन दिवस मशीनच्या खोलीतच उघडे ठेवले आहेत, म्हणजे हवेतला ओलावा छपाईच्या आधीच कागदात मुरेल.

९ जानेवारी : जुळणी

आधी केस (खिळ्यांची घरं असलेली पेटी) तपासली. मजकुरातलं प्रत्येक अक्षर, जोडाक्षर आणि मात्रा किती वेळा येते याची यादी करून घरांत तेवढे खिळे आहेत का, ते पाहिलं. अर्ध्या ओळीवर एखादा खिळा कमी पडला की दुसऱ्या संचातला आणून बसवायचा मोह होतो. तसं करायचं नाही. वापरून झिजलेला खिळा नव्यापेक्षा किंचित बुटका असतो, आणि देवनागरीत तो शिरोरेषेत लगेच उघडा पडतो.

स्टिक (ओळ जुळवायची हातातली पट्टी) २४ पायकांवर लावली. खिळ्याची खाच वर, अक्षरं उलटी, जुळणी डावीकडून उजवीकडे. आकड्यांत सांभाळायचं ते ३ आणि ६ मध्ये. खिळ्यावरचं अक्षर आरशातलं असतं, म्हणून ३ चा खिळा सरळ धरून पाहिला तर ६ वाटतो. खाच वर ठेवून उलटा वाचायची शिस्त पाळली की फसगत होत नाही. तारखेच्या ओळीत हे दोन्ही आकडे आहेत.

मधोमध जुळवलेल्या ओळीचा हिशोब एकदा सविस्तर लिहून ठेवतो. पहिलं नाव ३६ पॉइंटात १६३ पॉइंट रुंद झालं. उरले १२५, ते न छापणाऱ्या कोऱ्या तुकड्यांनी भरायचे. डावीकडे एम क्वाड ३६, एन क्वाड १८, मिडल स्पेस ९, मिळून ६३. उजवीकडे एम ३६, एन १८, थिन ७.२, मिळून ६१.२. राहिले ०.८. त्यात अर्ध्या पॉइंटाची तांब्याची पट्टी आणि ०.१ मिमी जाडीच्या कागदाची एक चिंधी. उजवी बाजू ६२ झाली. नाव मध्यापासून अर्धा पॉइंट सरकलं, ते डोळ्याला कळत नाही. पण ती कागदाची चिंधी घातली नाही तर ओळ सैल राहते, आणि सैल ओळ मशीनवर त्रास देतेच. कसोटी सोपी आहे: स्टिक थोडी तिरकी केल्यावर ओळ आधाराशिवाय उभी राहायला हवी आणि बोटाने सरकवली तर सरकायला हवी. अंगठ्याने ठोसून बसवलेली ओळही वाईटच, कारण आवळताना बाकीच्या ओळींना दाब पोचत नाही.

शिरोरेषेच्या सांध्यांकडे वेगळं लक्ष. दोन खिळ्यांमधे धूळ, वाळलेली शाई किंवा धातूचा कंगोरा असेल तर रेषेत पांढरी फट दिसते. चौदा खिळ्यांच्या बाजू बारीक फाइलच्या एकाच हलक्या हाताने साफ कराव्या लागल्या. अंगाबाहेर आलेल्या मात्रांच्या शेजारी उंच खांद्याचा खिळा येत नाही ना, हेही पाहिलं, नाहीतर दाबाखाली मात्रा तुटते.

पूर्ण मजकूर गॅलीत (जुळवलेला मजकूर ठेवायच्या तबकात) घेऊन दोऱ्याचे चार वेढे दिले.

१० जानेवारी : प्रूफ

गॅलीवर शाई फिरवून तीन प्रूफं काढली. एक वाचन अर्थाने, एक वाचन शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे, एक फक्त ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांसाठी. सापडलेलं: एक उलटा खिळा, एका ठिकाणी वेलांटी ऱ्हस्व, पाचव्या ओळीत दोन शब्दांमधलं अंतर जास्त. दुरुस्तीनंतर त्या ओळींची लांबी परत बसवली. मजकुराला मान्यता लेखी घेतली. यापुढची प्रत्येक दुरुस्ती म्हणजे आवळलेला फर्मा (चेसमधे बसवलेला मजकूर) सोडणं.

१३ जानेवारी : प्लेट

खिळ्याची उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३२ मिमी. प्लेटही तेवढ्याच उंचीवर यायला हवी. अॅल्युमिनियमचा बेस २१.६७, प्लेट १.५२, चिकटपट्टी ०.१३, बेरीज बरोबर २३.३२.

मूळ चित्रात दोन अडचणी होत्या. वेलीच्या काही रेषा ०.२ पॉइंटच्या होत्या. एवढी बारीक रेषा प्लेट धुताना तग धरत नाही, वाकडी होते किंवा निघून जाते. सगळ्या रेषा किमान ०.३ पॉइंट केल्या. दुसरी अडचण भरीव पानांची. मोठ्या भरीव भागाला भरपूर शाई आणि जोराचा दाब लागतो, त्याच शाईत शेजारची नाजूक वेल बुजते. एका प्लेटवर या दोघांचं जमत नाही. पानं भरीव न ठेवता समांतर रेषांनी भरली. अशी रेषांची पानं लेटरप्रेसला जास्त शोभतात, हे आमचं ठाम मत आहे.

प्लेट धुऊन, वाळवून, परत प्रकाश देऊन झाल्यावर हवाबंद पिशवीत सपाट ठेवली. दमट हवेत उघडी राहिली तर मऊ पडते, फार कोरड्या हवेत कडा वर वळतात.

१५ जानेवारी : मशीन

तेल घातलं, मग प्लेटन (कागद ठशावर दाबणारा सपाट पाट) समतल केलं. चेसच्या चार कोपऱ्यांत ३६ पॉइंटाचं एकच अक्षर चार वेळा लावून ठसा घेतला. वरचा उजवा कोपरा फिका, खालचा डावा जड. प्लेटनमागच्या स्क्रूंचे नट सैल करून एका वेळी फक्त अष्टमांश फेरा दिला आणि दर वेळी नवा ठसा घेतला. सहाव्या ठशाला चारही अक्षरं सारखी आली. ही पायरी टाळली तर पुढे प्रत्येक कामात कागदाच्या चकत्या लावून तीच चूक झाकत बसावं लागतं.

शाईचे रूळ: खिळ्याच्या उंचीचा गेज, रूळ ज्यांवर फिरतात त्या पट्ट्यांमधे धरून शाईची रेघ पाहिली. रेघ ३ मिमी हवी. डावीकडे ५, उजवीकडे ४ मिमी आली, म्हणजे रूळ खाली बसतात. असा रूळ शाई अक्षराच्या तोंडावर लावून थांबत नाही, बाजूंनाही फासतो, आणि छापात अक्षराभोवती काळी कड येते. डाव्या पट्टीवर टेपचे दोन थर, उजव्या पट्टीवर एक. नंतर दोन्हीकडे रेघ सव्वातीनच्या आत.

१६ जानेवारी : पहिला रंग

फिका रंग आधी. गडद शाईनंतर रूळ कितीही पुसले तरी उरलेला अंश फिक्या रंगाला मळवतो.

गेरू २० ग्रॅम बनवला: अपारदर्शक पांढरी १३, पिवळी ५, तांबूस लाल १.६, काळी ०.४. पांढरीत रंग टाकत जायचं. उलट केलं तर हवी ती छटा येईपर्यंत वाटीभर शाई होते. बोटाने थापून नमुना याच सुती कागदावर पाहिला, कारण काचेवर दिसतो त्यापेक्षा रंग इथे मुरल्यावर निस्तेज होतो.

मशीनच्या शाईच्या थाळीवर सुरुवातीला बोराएवढी शाई, वजनाने २ ग्रॅम. पॅकिंग (प्लेटनवरचे कागदांचे थर): वर ०.१५ मिमीचं तेलकट टिंपन, म्हणजे ताणून बसवलेला वरचा कागद, खाली ०.२५ चा कडक प्रेसबोर्ड, ०.१ चा एक कागद, एकूण अर्धा मिलिमीटर. साध्या कागदाला याच्या दुप्पट लागतं, इथे पत्रिकाच अर्धा मिलिमीटर जाड आहे. ०.१ चा आणखी एक कागद घातल्यावर ठशाची खोली ०.२ मिमी भरली. तेवढी पुरे.

टिंपनवर एक ठसा उमटवून मोजमाप घेतलं, खालच्या कडेला दोन आणि डाव्या कडेला एक गेज पिन (कागद टेकवायची) लावली. मशीन हाताने सावकाश फिरवून पिन आणि ग्रिपर (कागद धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) प्लेटवर येत नाहीत, याची खात्री केली.

पहिल्या ठशांत उजवी बाजू दुहेरी दिसत होती. दाब कमी-जास्त करून फरक पडला नाही. टिंपन फुगलं होतं, कागद दाबाच्या क्षणी किंचित सरकत होता. टिंपन सोडून परत ताणून बसवलं, दुहेरी रेषा गेली. नंतर पांढरे ठिपके: सुती कागदाच्या कापलेल्या कडांचा भुगा प्लेटवर बसतो. गठ्ठा हवेत झटकून, कडा मऊ ब्रशने साफ केल्या आणि दर ६० पत्रिकांनी प्लेट पुसली.

२७२ पैकी १४ मांडणीत, ६ छपाईत गेल्या. चांगल्या २५२. पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे करून फळीवर ठेवले, वर वजन नाही.

१८ जानेवारी : मजकूर मशीनवर

फर्मा चेसमधे, चारही बाजूंनी फर्निचर (भरावाचे ठोकळे), क्वॉइन (आवळायच्या पाचरी) वर आणि उजवीकडे. आधी हाताने घट्ट, मग लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकून सगळे खिळे पायावर बसवले, मग किल्लीने आवळलं. आवळल्यावर ठोकळा मारायचा नाही, तिरका अडकलेला खिळा तेव्हा बसत नाही, तुटतो. चेसची एक कड किल्लीवर टेकवून बोटांनी मजकूर दाबून पाहिला. सहाव्या ओळीत दोन स्पेस हलत होत्या, ०.५ पॉइंटाची पट्टी घालून पक्की केली.

शाई: काळी ८ भाग, निळी ४ भाग, मिळून ६ ग्रॅम. थाळीवर दीड ग्रॅमच. शाई कमी पडली तर अक्षर मीठ भुरभुरल्यासारखं दिसतं, ती वाढवता येते. जास्त झाली तर ष आणि क्ष मधल्या जागा बुजतात आणि रूळ धुण्यावाचून इलाज नसतो.

मग मेकरेडी, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसवणं, आणि इथेच दिवस गेला. पहिले ठसे त्याच जाडीच्या साध्या कार्डावर घेतले. पत्रिका दिव्याखाली तिरकी धरून मागून पाहिली तर काय चाललंय ते लगेच कळतं. नावांच्या शिरोरेषा फिक्या, आणि त्यांच्यावरचे अनुस्वार कागदात टोचल्यासारखे खोल. कारण एकच आहे. दाब क्षेत्रफळावर वाटला जातो. लांब, जाड शिरोरेषेवर तो पसरतो, एकट्या टिंबावर सगळा एकवटतो. रेषेसाठी पूर्ण पॅकिंग वाढवलं तर टिंब कागद फोडतं आणि स्वतःही चपटं होतं.

इलाज चिकटवणीचा. एक ठसा पातळ कागदावर घेतला. नावांच्या पट्टीवर ०.०३ मिमी टिश्यूचा एक थर, शिरोरेषेच्या अरुंद पट्टीवर दुसरा. अनुस्वारांच्या जागी टिश्यू टाचणीने आणि धारदार पात्याने गोल कापून काढला, दोन ठिकाणी खालचा कागदही कापला. टिश्यू कापायचा नाही, फाडायचा: कापलेली कड छापात उमटते, फाडलेली विरून जाते. टिंबाची भोकं एवढी लहान असतात की तिथे कापलं तरी चालतं. हा कागद टिंपनखाली नेमक्या जागी बसावा म्हणून टिंपनमधून तीन टाचण्यांची भोकं पाडून त्यांवर तो जुळवला. अर्ध्या मिलिमीटरने चुकला तरी सगळी मेहनत वाया जाते.

दुसऱ्या ठशात खालच्या मजकुरातला एकच र फिका. त्याला टिश्यू लावायला बसलो नाही, खिळाच झिजलेला होता, बदलला. अकराव्या ठशाला मजकूर सगळीकडे सारखा आला. मांडणीला पाच तास लागले. याची छपाई तासाला ४०० च्या बेताने चालवली तर पाऊण तासही लागणार नाही.

१९ जानेवारी : दुसरा रंग

सकाळी खऱ्या पत्रिकांवर जागा बसवली. मांडणीत १८ गेल्या. दर ४० पत्रिकांनी थाळीच्या कडेला टाचणीच्या डोक्याएवढी शाई.

८५ व्या पत्रिकेवर आठव्या आणि नवव्या ओळींमधे बारीक काळी चीर दिसली. क्वाड वर आला होता. तो खाली ठोकून पुढे जाता येतं, पण वीस-तीस छापांत परत वर येतो. चेस उतरवून पाहिलं तर आठवी ओळ किंचित सैल. पट्टी घातली, परत ठोकळा, परत आवळणी, परत मशीनवर. जागा बिघडली नाही, कारण फर्निचर हलवलं नव्हतं. चीर आलेल्या पत्रिका शोधायला मागचा गठ्ठा उलटा चाळला, सात निघाल्या.

छपाईत एकूण खराब १२. चांगल्या २२२. फळीवर ४८ तास.

मशीन धुतलं: रूळ आधी खाद्यतेलाने, मग सॉल्व्हंटने. खिळे ब्रश आणि सॉल्व्हंटने, लगेच कोरडे. शाईच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जवसाच्या तेलाच्या शाईने भिजलेल्या चिंध्या ढिगात ठेवल्या तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून हा डबा रोज रिकामा करायचा.

२२ जानेवारी : कापणी आणि पाकिटं

कापणी यंत्राचा दाबपट्टा ठसा सपाट करून टाकू शकतो. म्हणून एका वेळी फक्त २० पत्रिका, वर-खाली मऊ पुठ्ठा, दाब निम्मा. पेन्सिलच्या खुणेच्या दोन कडांवरून मोजून समोरच्या दोन आधी कापल्या, मग या दोन. ४ पत्रिकांचे कोपरे चेपले. शिल्लक २१८.

पाकिटांवर पत्ता झाकणाच्या पट्टीवर छापला, झाकण उघडं ठेवून. तिथे कागदाचा एकच थर असतो. पाकिटाच्या अंगावर छापलं तर सांध्यांवर तीन थर येतात आणि त्या रेघेवरचे खिळे हमखास मार खातात.

२३ जानेवारी : आवरणं

दोरा सोडून खिळे घराघरात परत टाकले, ओळ वाचत वाचत. नावांचे ३६ पॉइंटाचे खिळे भिंगाखाली पाहिले: कडा शाबूत. दोन मात्रा वाकल्या होत्या, त्या वितळवायच्या डब्यात टाकल्या. शिशाचं काम म्हणून खिळे हाताळून झाल्यावर साबणाने हात धुतले. प्लेट, चिकटवणीचा कागद, पॅकिंगच्या जाड्या आणि शाईचं वजन लिहिलेली चिठ्ठी एका पाकिटात, वर एक चांगली आणि एक चीर आलेली पत्रिका.